बाहेर रेषा, आत नाहीत

पहिला खटका कट्कन मोडला. दुसरा मोडलाच नाही. तो वाकला, लांबला आणि ताण देऊन पाहायच्या यंत्राच्या जबड्यात मान टाकून लोंबकळत राहिला. सूनबाईने दोन्ही काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकाच आईची दोन लेकरं, एक फटकळ आणि एक गुळमुळीत, तसं काहीसं ते दिसत होतं.

दोन्ही खटके करडे, दोन्हींच्या अंगावर त्याच बारीक आडव्या रेषा, बोटांच्या ठशांसारख्या. दोन्ही एकाच ट्रेमधले. मग असं कसं?

तिने तिसरा लावला. कट्.

चौथा वाकला.

"काय गं सूनबाई, काय म्हणतायत?" शेडच्या उजव्या टोकाकडून आप्पांनी हाक मारली.

"काहीच धड म्हणत नाहीयेत, आप्पा."

आप्पा म्हणजे तिचे सासरे. साचे करण्यात त्यांचा जन्म गेला होता. पोलादाच्या ठोकळ्यात हव्या त्या वस्तूच्या आकाराची पोकळी कोरायची, वितळलेलं प्लास्टिक दाबाने आत सोडायचं, थंड झालं की साचा उघडायचा आणि वस्तू बाहेर. एकदा साचा झाला की शंभर काढा नाहीतर लाख, सगळ्या सारख्या. शेडच्या डाव्या टोकाला जुन्या खिडक्यांच्या काचा जोडून केलेल्या खोलीत धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, आपला थ्रीडी प्रिंटर घेऊन बसत. तिथे साचाच नव्हता. प्लास्टिकची तार वितळवत यंत्र थरावर थर चढवत जाई आणि संध्याकाळपर्यंत वस्तू उभी राही. आकार बदलायचा तर चित्र बदला, झालं. बाप उजवीकडे, लेक डावीकडे, आणि मधोमध सूनबाईचं टेबल. वस्तू कशाने आणि का मोडतात याचं रीतसर शिक्षण घेऊन ती या घरात आली होती. सासूबाई शेजारणींना सांगत, "लोकांच्या सुना जोडतात, आमची मोडते. तेही शिकून." तिचा नवरा तयार माल पोचवायला दिवसभर बाहेर असे. तो या भांडणातून आपली सुटका झाली, याचंच सुख मानी.

भांडण या खटक्यावरूनच होतं. ज्या मुलांच्या पायात जोर नसतो, त्यांच्या पायाला पट्ट्यांचा आणि सळ्यांचा सांगाडा बांधतात, त्याला कॅलिपर म्हणतात. गुडघ्यापाशी त्याला एक खटका असतो. मूल उभं राहिलं की तो पडतो आणि पाय सरळ राहतो. बसायचं असेल तर उचलायचा, मग गुडघा वाकतो. आजवर हा खटका लोखंडाचा असे. आता कॅलिपर बनवणाऱ्या काकांना तो हलका, प्लास्टिकचा हवा होता. साच्यातून काढायचा की प्रिंटरवर, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पोराच्या अंगाखाली मोडता कामा नये, एवढंच ते म्हणाले होते.

आणि पहिलं पोर घरातलंच होतं. सूनबाईच्या ताईची मुलगी, नऊ वर्षांची. तिच्या बापाने हौसेने तिचं नाव भिंगरी पाडलं होतं आणि कॅलिपर लागल्यावरही ते बदललं नव्हतं. पोरीलाही ते बदललेलं चाललं नसतं. यंदा तिचा वर्ग शाळेत वरच्या मजल्यावर गेला होता. लोखंडी खटक्याचा पाय एकेका पायरीवर ओढून नेताना ती घामाघूम होई, आणि वर्गातल्या पोरांनी दप्तर उचलायला हात पुढे केला की फणकारत असे. मावशीने तिला शब्द दिला होता की या आठवड्यात हलका खटका बसेल.

आज ताई तिला शेडमध्ये सोडून गेली होती, आणि भिंगरीने सकाळपासून इतकी भुणभुण लावली होती की भाऊजींनी ट्रेमधला एक खटका उचलून तिच्या कॅलिपरला लावूनच टाकला. सूनबाईने डोळे वटारले होते.

"अजून मी एकही ओढून पाहिला नाही, भाऊजी."

"वहिनी, अंगणात चालू दे नुसती. सपाट जागा आहे. पोरगी कशी खूश झालीय बघा."

सूनबाईने पाहिलं होतं. तिचाही जीव विरघळला होता. "पायरी चढायची नाही," असं बजावून तिने सोडलं होतं. तेव्हा तिला वाटत होतं, ट्रेमधले खटके एकजात सारखे. आप्पांचे अजून आलेच नव्हते. सूनबाई हो म्हणेपर्यंत पोलादाला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. पोलाद एकदा कोरलं की कोरलं, चुकलं तर भरून काढता येत नाही. तेव्हा ट्रेमध्ये जे होतं ते सगळं भाऊजींचं. ते मोडतात की टिकतात, एवढाच प्रश्न होता.

आता मोडत होते आणि टिकतही होते.

ती आधी यंत्रावर संशय घेऊन मोकळी झाली. काटा शून्यावर आहे का पाहिलं, होता. जबडे पुसले. खटका धरताना तिरका बसत असेल, म्हणून पुढचा भिंग लावून सरळ बसवला. तो सरळ बसला आणि सरळ मोडला. त्याच्या पुढचा तितक्याच सरळपणे वाकला. मग तिने हवेला दोष दिला, कारण हे प्लास्टिक ओल धरतं हे ती शिकली होती. पण ट्रे एक, जागा एक, रात्र एक. ओल काय निवडून निवडून शिरली?

"भाऊजी," ती काचेच्या खोलीच्या दाराशी गेली, "मध्येच तारेचं रीळ बदललंत का?"

"नाही."

"वेग वाढवला?"

"नाही हो, वहिनी."

"नक्की?"

"आता काय शपथ घेऊ या प्रिंटरची?" भाऊजींचा चेहरा उतरला. "मोडतायत का?"

"मोडतायत."

"सगळे?"

"नाही. हाच तर घोळ आहे. काही अगदी मस्त टिकतायत. काट्याच्या लाल खुणेच्याही पुढे जातात आणि मग वाकतात."

"मग टिकतायत म्हणा ना!"

"निम्मे टिकतायत म्हणजे काय, भाऊजी? निम्म्या पोरांना देऊ?"

 भाऊजी प्रिंटरच्या सुईकडे पाहत म्हणाले, "फाइल एक. मशीन एक. मी एक. कसं शक्य आहे?"

हेच वाक्य ती स्वतःशी म्हणत होती. 

टेबलाशी परत येऊन ती बसली. जे शिकलो ते उपयोगी पडत नाही, असं तिला क्वचितच वाटे, पण आज वाटत होतं. एका कारणाने एक परिणाम व्हावा, ही तिची साधी अपेक्षा होती. इथे एका कारणाचे दोन परिणाम समोर पडले होते आणि दोघेही तिच्याकडे निरागसपणे बघत होते. तिने मोडलेले एका बाजूला केले, वाकलेले दुसऱ्या बाजूला. त्यातही एक नग असा निघाला की वाकायला लागला आणि अर्ध्यातच फाटला. तो कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून मध्ये ठेवला. मग तिघांकडे पाहत चहा पिऊन टाकला. तो थंड झालेला आहे हे तिला शेवटच्या घोटाला कळलं.

बाहेरून काही दिसत नव्हतं. म्हणून तिने आत पाहायचं ठरवलं.

मोडलेला तुकडा तिने भिंगाखाली धरला. मोडलेली बाजू सपाट होती, एखादं झाकण उचलल्यासारखी. एक थर दुसऱ्यापासून अलगद सुटला होता. कडेला खालचे थर पायऱ्यांसारखे दिसत होते. हे तिला कळत होतं. थर एकमेकांना चिकटलेले असतात, पण ती चिकटण्याची जागाच कमजोर. नाण्यांची चळत लावा, वरून कितीही दाबा, हलणार नाही. दोन टोकं धरून ओढा, सुटलीच. भाऊजींनी खटके उभे छापले होते, त्यामुळे ताण नेमका थर सोलायला येत होता.

मग तिने वाकलेला घेतला, करवतीने मधोमध कापला आणि भिंगाखाली धरला.

आत काहीच नव्हतं. म्हणजे थर नव्हते. अंगावर रेषाच रेषा, आणि आत एकसंध, गोठवलेल्या दुधासारखं सपाट. तिने दुसरा कापला. तसाच. मध्ये ठेवलेला, अर्ध्यात फाटलेला पाहिला. त्यातही थर नव्हते, फक्त एक मोहरीएवढा बुडबुडा होता.

भिंग बाजूला ठेवून तिने डोळे चोळले. बाहेर रेषा, आत नाहीत. थरांनी बनलेल्या वस्तूला बाहेरून थर असतात ते आत असल्यामुळेच. आतले थर गेले कुठे? क्षणभर तिच्या मनात असाही विचार आला की काही खटके आतून आपोआप वितळून एकजीव झाले असावेत. हा विचार इतका अशास्त्रीय होता की तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकला तर नाही ना.

आप्पा ऐकण्याच्या अंतरावर उभे होते. केव्हा आले होते कोण जाणे. हात पाठीमागे बांधलेले, चेहऱ्यावर लग्नघरातल्या वरबापाचा भाव.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला काही माहीत आहे का?"

"मला काय माहीत असणार? आम्ही जुनी माणसं. आमचा जमाना संपला असं परवा जेवताना ठरलंच ना."

"आप्पा."

"बरं, सांग, वाकणारे चांगले की मोडणारे?"

"वाकणारे. अर्थातच वाकणारे."

"झालं तर मग!" आप्पांनी टाळी वाजवली. "अरे ए, बाहेर ये तुझ्या काचेच्या महालातून! सूनबाईने निकाल दिला!"

भाऊजी बाहेर आले. आप्पांनी मग सांगितलं ते असं. पोलाद कोरायचं नाही हे ठरलं होतं, पण रबराबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. त्यांनी भाऊजींनी छापलेला एक खटका उचलला, तो नमुना म्हणून ठेवून त्याच्याभोवती पातळ रबर ओतलं, घट्ट झाल्यावर कापून नमुना बाहेर काढला. झाला रबराचा साचा. त्यात दोन डब्यांतलं रसायन कालवून ओतलं की काही वेळात त्याचं घट्ट प्लास्टिक होतं. असे त्यांनी आठवडाभर जमतील तेवढे खटके काढले आणि काल गुपचूप सूनबाईच्या ट्रेमध्ये मिसळून टाकले.

"पण रेषा?" सूनबाईने विचारलं.

"नमुन्यावर होत्या, म्हणून साच्यात आल्या. साचा आहे तो. नमुन्यावर अंगठ्याचा ठसा असेल तर तोही उमटतो."

"आणि सांगितलं का नाहीत?"

आप्पांचा आवाज जरा खाली आला. "सांगितलं असतं तर तू सासऱ्याची भीड धरली असतीस. नाहीतर भीड धरत नाही हे दाखवायला मला मुद्दाम पाडलं असतंस. म्हटलं, नावं न सांगता होऊ दे."

सूनबाईला हसावं की रागवावं ते कळेना. चाचणी अशीच घ्यायला हवी हे तिला शिकवलं गेलं होतं. पण तशी चाचणी घेणाऱ्याने कोणता कोणाचा याची खूण कुठेतरी ठेवायची असते.

"तुमचे कोणते, ते तुम्हाला ओळखू येतात ना?"

"म्हणजे काय! साच्याच्या दोन भागांचा सांधा जिथे येतो तिथे कडेला एक बारीक रेघ असतेच." आप्पांनी ट्रेमधला एक उचलला, उजेडाकडे धरला, फिरवला. दुसरा उचलला. "ती मी घासून काढली. पोरीच्या कातडीला लागू नये म्हणून." मग थोडं थांबून, "आणि रंगही जुळवला."

"म्हणजे?"

"म्हणजे फार छान जुळलेत," आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा वरबाप उतरला होता.

भाऊजी खो खो हसायला लागले. "आप्पा, तुम्ही जिंकलात, पण कशाने जिंकलात ते तुम्हालाच दाखवता येत नाही!"

"हस. तुझे मोडले ना?"

"आणि तुमचे टिकले ते कोणाच्या तुकड्यावरून निघाले? नमुना माझा! माझ्या खटक्याशिवाय तुमचा साचा म्हणजे नुसता रबराचा गोळा."

"आणि तुझा नमुना म्हणजे बघायची वस्तू."

"उभे छापले म्हणून मोडले. उद्या आडवे छापतो. उभे ठेवले की एका वेळी जास्त बसतात, म्हणून..."

"भाऊजी," सूनबाई एकदम म्हणाली, "भिंगरीला कोणता लावलात?"

भाऊजींनी ट्रेकडे पाहिलं.

"ट्रेमधला," भाऊजी म्हणाले. सूनबाई अंगणाकडे धावली.

अंगणात भिंगरी नव्हती. शेडच्या मागे माळ्यावर जाणारा लोखंडी जिना होता, तिच्या शाळेच्या जिन्याहून उभा. तिथून तिचा आवाज आला. "मावशी, बघ! हात न धरता!"

ती जवळजवळ वर पोचली होती. सूनबाई जिन्याच्या पायथ्याशी थांबली. ओरडली तर पोर दचकेल, म्हणून ती साध्या आवाजात म्हणाली, "वा गं. आता तिथेच बस बरं. खटका उचल आणि बस. मी येते."

"का?"

"मला दमायला झालंय, मी पण बसते तुझ्याजवळ."

वर जाऊन ती तिच्या शेजारी बसली. आधी तिच्या फ्रॉकची कड घट्ट धरली आणि मगच श्वास सोडला. मग भाऊजींनी भिंगरीला उचलून खाली आणलं. याने ती भयंकर चिडली. "मी चढले ना आपली आपण! उतरता पण येतं मला!"

टेबलावर बसवून तिच्या कॅलिपरचा खटका काढला. करडा, रेषारेषांचा. तिघेही त्यावर वाकले. आप्पांनी तो दातांवर टिचकावून पाहिला आणि म्हणाले, "माझा आहे." भाऊजींनी उजेडात धरला आणि म्हणाले, "माझा वाटतो." सूनबाईने तराजूत टाकला. वजन दोन्ही ढिगांच्या अधेमधेच कुठेतरी आलं.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमच्या शब्दावर हिला शाळेचा जिना चढू देऊ?"

आप्पांनी तराजूतला खटका उचलून पुन्हा उजेडात धरला. मग तो टेबलावर ठेवून दिला. "नको," ते म्हणाले.

"पण झालं काय?" भिंगरीने विचारलं.

सूनबाईने तिला समजेल असं सांगितलं. दोन प्रकारचे खटके आहेत. एक चांगला, एक मोडणारा. चांगल्यांतही एखाद्याच्या पोटात बुडबुडा. बाहेरून सगळे सारखे दिसतात. तुझा कोणता ते कळत नाहीये. म्हणून आज जुना लावू.

भिंगरीने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे हा वाईट आहे हे तुला माहीत नाही."

"नाही."

"मग काढलास कशाला? चांगला असेल तर?"

"नसेल तर?"

"मी चढले ना त्याच्यावर!"

"एकदा चढलीस. रोज चढायचंय."

"तुला काहीच माहीत नाही," भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. समोर दिसत होतं तेच ती बोलली.

जोर थोडाच लावून सोडून द्यावा, असं सूनबाईच्या मनात आलं. टिकला तर लावून टाकू. पण त्या थोड्या जोरानेच आत एखादी चीर गेली तर ती रेषांच्या गर्दीत कोणाला दिसणार? कळायचं तर पूर्ण ओढायलाच हवा होता. आणि खरं सांगायचं तर तिला वाटत होतं, पोरीच्या डोळ्यांसमोर हा कट्कन मोडू दे. म्हणजे तिला पटेल. लोखंडी खटका ती मुकाट्याने लावून घेईल, आणि मावशीने दुष्टपणा केला असं तिच्या मनात राहणार नाही.

"बघ हं," ती म्हणाली. खटका जबड्यात लावला आणि चाक फिरवायला लागली.

काटा सरकला. आप्पा आणि भाऊजी दोघेही श्वास धरून उभे. काटा लाल खुणेला आला. सूनबाईने कान टवकारले. काटा खूण ओलांडून पुढे गेला. खटका हूं की चूं करेना. तिने आणखी फिरवलं. मग तो हळूहळू, अगदी सावकाश वाकला, मधोमध पांढुरका झाला, लांबला आणि तसाच राहिला. फाटलासुद्धा नाही.

"माझा!" आप्पा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात काही जोर नव्हता.

भिंगरीने तो हातात घेतला. वाकडा, ताणलेला, आता कशालाही न लागणारा. "हा मोडणाऱ्यातला की चांगल्यातला?"

"चांगल्यातला," सूनबाई म्हणाली. "सगळ्यांत चांगला निघाला हा."

"आता बसेल?"

"आता नाही बसणार."

"मग मोडलास कशाला?"

 सूनबाईजवळ उत्तर होतं, चांगलं पानभर होतं, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण पहिलं वाक्य कोणतं घ्यावं तेच तिला कळेना. भाऊजी खाली बसून जुना खटका कॅलिपरला परत बसवू लागले.

तेवढ्यात ताई दारात आली. "काय गं, झालं का काम? बसला का नवा?"

"बसला होता," भिंगरी म्हणाली. "मी जिना पण चढले. मग मावशीने तो चांगला आहे का बघितलं."

"मग? चांगला आहे ना?"

"चांगला होता," भिंगरी म्हणाली, आणि वाकडा खटका तिने आईच्या हातात दिला.

ताईने तो उलटसुलट फिरवून पाहिला. मग सूनबाईकडे पाहिलं, सूनबाईने आप्पांकडे पाहिलं, आणि आप्पा घाईघाईने नवा खटका ओतण्यासाठी रसायनाच्या डब्यांची झाकणं उघडायला गेले.